मडकी सावलीत: बडोद्याच्या उन्हाळ्यात मुलांचा मातीकामाचा वर्ग कसा चालवावा

मे महिन्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांच्या गच्च्यांवर धोतरं अंथरून कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या असतात. सकाळी आठला घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत अर्धीअधिक कडक होते. या उन्हाची इतकी सवय होती की पहिल्या वर्षी मी मुलांची मडकीही त्याच गच्चीवर मांडली. चौदा मुलांचं काम होतं: पेले, पणत्या, एक हत्ती. दुपारी चारला वर गेले तेव्हा पेल्यांच्या कडा तडकलेल्या, पणत्या होडीसारख्या वाकलेल्या आणि हत्तीची सोंड त्याच्या पायाशी पडलेली. आठ वर्षांची एक मुलगी आपल्या पेल्याचे दोन तुकडे एकमेकांना लावून बराच वेळ तशीच उभी राहिली. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडून माती आणली होती त्या प्रजापती काकांकडे गेले. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, ‘छांयडामां सुकवजो, बेन.’ सावलीत वाळवा. तेव्हापासून मी वर्गाचं सगळं वेळापत्रक माती कशी वाळते त्यावरून ठरवते. कोणत्या दिवशी काय करायचं, कोणत्या वेळी, किती जाडीचं, हे सगळं त्यातूनच ठरतं. सोसायटीच्या हॉलमध्ये, वाड्याच्या ओसरीवर किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात मुलांसाठी असा वर्ग घ्यायचा विचार असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी तारखा, मग माती

गुजरातच्या शाळांना मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते, आणि जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो. उघड्यावरची भट्टी पावसात लागत नाही. म्हणून हिशेब शेवटापासून मागे करायचा. भाजणी 8 ते 10 जूनच्या आसपास झाली पाहिजे. त्याआधी शेवटची वस्तू वाळायला आठ-दहा दिवस हवेत. म्हणजे हात मातीत घालायचा शेवटचा दिवस मेच्या 29-30 तारखेला. तिथून तीन आठवडे मागे या, की वर्गाची सुरुवात मिळते.

तीन आठवड्यांत बारा वर्ग बसतात. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. हे वार मी मुद्दाम असे ठेवते. सोमवारी घडवलेली वस्तू मंगळवारी निमवाळ होते, तेव्हा तिला कान, पाय, नक्षी लावता येते. बुधवार तिला सावकाश सुकायला मिळतो. रोज वर्ग घेतला तर मुलं रोज नवी वस्तू सुरू करतात आणि एकही धड पूर्ण होत नाही.

वेळ सकाळी सात ते नऊ. बडोद्यात मेमध्ये पारा 40 च्या वर जातो. दहानंतर मुलंही कोमेजतात आणि मातीही. पाचची वेळ पालकांना सोयीची वाटते, पण भिंती तापलेल्या असतात, पंखा लावावाच लागतो, आणि पंख्याखाली माती घडवणं म्हणजे दर पाच मिनिटांनी पाणी लावत बसणं.

एका शिक्षकामागे बारा मुलं पुरे. दहा वर्षांच्या आतली असतील तर आठच घ्या. लहान-मोठी एकत्र असली तरी चालतं, उलट बरंच असतं, कारण तेरा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलाला कान जोडायला शिकवते तेव्हा तिला स्वतःलाही तो नीट कळतो.

माती कुठली आणि कशी

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जवळच्या कुंभाराकडून त्याची तयार माती विकत घेणं. ती त्याच्या भट्टीला सोसणारी असते आणि भाजणीही त्याच्याकडेच करता येते. बारा मुलांच्या तीन आठवड्यांना साधारण 80 ते 100 किलो पुरते. फसलेल्या वस्तूंची माती पुन्हा भिजवून वापरात येते, म्हणून याहून जास्त साठवू नका.

शेतातली काळी माती आणायचा मोह आवरा. मध्य गुजरातची काळी जमीन कापसाला सोन्यासारखी, पण ती पाण्याने खूप फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आठवा. तशाच भेगा मुलाच्या पेल्याला पडतात. कुठल्याही मातीची परीक्षा घरी करता येते. करंगळीइतकी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. बाहेरून बारीक तडे गेले तर माती भरड आहे. बोटाला चिकटून बसली, सुटेचना, तर फार चिकट आहे. दुसरी परीक्षा व्हिनेगरची. सुकलेल्या ढेकळावर चार थेंब टाका. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. चुनखडीचा खडा भट्टीत भाजला की त्याची चुनकळी होते, आणि नंतर हवेतला ओलावा पिऊन ती फुगते. भट्टीतून धडधाकट आलेला वाडगा पंधरा दिवसांनी, पाऊस सुरू झाला की, कडेला टिचतो आणि टवक्याखाली पांढरा ठिपका दिसतो. त्याला उपाय एकच, माती बारीक जाळीतून गाळणं.

गाळायचं असेल तर माती आधी खडखडीत वाळवा. हे उलटं वाटतं, पण कोरडं ढेकूळ पाण्यात टाकलं की बुडबुडे सोडत तासाभरात स्वतःच विरघळतं. अर्धवट ओला गोळा दोन दिवस पाण्यात तसाच राहतो. लिंबाएवढे तुकडे करून पिंपात भिजवा, ढवळा, मच्छरदाणीच्या किंवा पिठाच्या चाळणीच्या जाळीतून गाळा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी ओता. उरलेली रबडी जुन्या सुती साडीवर पसरायची, साडीखाली कोऱ्या विटा. विटा पाणी ओढून घेतात. ही एवढीच गोष्ट उन्हात केली तरी चालते.

मग त्यात बारीक वाळू किंवा खापरीचा चुरा मिसळा, मातीच्या दहा भागांना एक ते दोन भाग. चुऱ्यामुळे माती कमी आकसते आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. शिल्पाच्या मातीत दोन भाग, चाकावरच्या मातीत त्याहून कमी आणि अगदी बारीक, नाहीतर तळहात खरवडून निघतो.

सौराष्ट्रातल्या थानगढची पांढरी माती विक्रीला मिळते. गुळगुळीत, सुंदर. पण तिला जास्त आच लागते. कुंभाराच्या निंभाड्यात, म्हणजे उघड्यावरच्या भट्टीत, ती कच्चीच राहते, नखाने खरवडली जाते. लाल आणि पांढरी माती एकाच वस्तूत जोडायला मुलांना आवडतं. दोन्ही सारख्या आकसत नाहीत, म्हणून जोड सुटतो. पहिल्या वर्षी एकच माती ठेवा.

माती तिंबताना कणकेची आठवण येते, पण एक फरक सांभाळा. कणीक आपण घडी घालून वळतो. माती तळहाताच्या टाचेने पुढे दाबायची, थोडी उचलून मागे ओढायची, पुन्हा दाबायची, घडीत हवा कोंडू द्यायची नाही. पन्नासेक वेळा. मग तारेने मधोमध कापून दोन्ही तोंडं बघा. चीजसारखी भोकं दिसली तर आणखी तिंबा. मुलांना हे कापून बघणं फार आवडतं, त्या नादात तिंबणंही होतं.

जागा आणि हत्यारं

हॉल चालेल, पण गालिचा नको. जमिनीवर बसून काम करणं सर्वांत स्वस्त आणि मुलांना सोयीचं. प्रत्येकाला एक प्लायवूडचा तुकडा द्या, साधारण फूटभर लांबी-रुंदीचा, ज्यावर वस्तू घडेल आणि त्यावरूनच उचलून फळीवर जाईल. सनमायका लावलेला नको, माती चिकटून बसते.

हत्यारं बाजारातून आणू नका. जुना टूथब्रश, आइस्क्रीमच्या काड्या, मोडका कंगवा, सायकलचा आरा, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या बांधलेली नायलॉनची दोरी, स्पंज, जुना चमचा. लादी लाटायला लाटणं आणि दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या. आजीचा जुना सोऱ्या मिळाला तर घ्या. त्यातून शेवेसारख्या बारीक वळ्या पडतात, सिंहाची आयाळ एका मिनिटात होते. तो सोऱ्या पुन्हा स्वयंपाकघरात मात्र न्यायचा नाही. साडीची जुनी लेस मातीवर दाबून लाटली की उठणारी नक्षी बघून मोठी माणसंही थांबतात.

धुळीबद्दल मी काटेकोर आहे. सुक्या मातीच्या धुळीत सिलिकाचे अतिबारीक कण असतात आणि ते फुफ्फुसात साठतात. वर्गानंतर केरसुणी अजिबात मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या. सुकलेली वस्तू मुलांनी घासायची नाही. नक्षीच्या चुका ओल्या स्पंजाने सारख्या करायच्या. हात धुवायला तीन बादल्या ओळीने ठेवा. मुलं पहिल्या बादलीत चिखल सोडतात, दुसरीत धुतात, तिसरीत स्वच्छ करतात. नळाखाली हात धुतले तर सोसायटीचा पाइप महिन्याभरात तुंबतो. पहिल्या बादलीच्या तळाशी बसलेली माती पुन्हा पिंपात घाला.

पालकांना पहिल्याच दिवशी लिहून द्या: नखं कापलेली, केस बांधलेले, जुने कपडे, पाण्याची बाटली. हाताला जखम असेल तर आधी सांगा. मध्ये ताकाचा एक पेला सगळ्यांना. उन्हाळ्यात त्याशिवाय वर्ग घेऊ नये असं माझं मत आहे.

पहिला आठवडा: बोटांनी

चाक पहिल्या दिवशी लावू नका. मुलं त्यासाठीच आलेली असतात, हे खरं. पण ज्या बोटांना भिंतीची जाडी कळत नाही ती चाकावर रडकुंडीला येतात.

पहिल्या दिवशी लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान असा गोळा, साधारण पाव किलो. डाव्या तळहातावर ठेवा. उजवा अंगठा मधोमध घुसवा, तळाला बोटभर माती राहील इथपर्यंत. आता अंगठा आत, चार बोटं बाहेर, चिमटीत धरून दाबा, गोळा थोडा फिरवा, पुन्हा दाबा. खालून वर यायचं. घाई करणारी मुलं कडेपासून सुरुवात करतात, मग कड पातळ होऊन लडबडते आणि तळ जाडच राहतो. मी त्यांना डोळे मिटून करायला सांगते. डोळे मिटले की वेग आपोआप कमी होतो आणि बोटांना जाडी जाणवू लागते. सगळीकडे लाटलेल्या भाकरीइतकी, सहा ते आठ मिलिमीटर जाडी आली की थांबायचं. कडेला भेग दिसली तर पाणी ओतू नका. ओल्या बोटाचा एक हात पुरतो. पाणी जास्त झालं की पेला बसतो, हे प्रत्येक मूल एकदा करून बघतंच, बघू द्या.

दुसऱ्या दिवशी त्याच पेल्याला कान लावायचा. इथे मातीकामातला सर्वांत उपयोगी नियम येतो: दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. निमवाळ पेल्याला ओला कान लावला तर कान मागून आकसतो आणि गळून पडतो. तोच हत्तीच्या सोंडेचा घोटाळा होता. कान करून तासभर झाकून ठेवा, दोन्ही जोड कंगव्याने आडवे-उभे खरवडा, त्यावर मातीची रबडी ब्रशने लावा, दाबून थोडं हलवत बसवा, आणि जोडाभोवती बारीक वळी फिरवून बोटाने सारखी करा. ‘खरवड, रबडी, दाब’ हे मुलं मग एकमेकांना ओरडून सांगतात.

त्याच आठवड्यात वळ्यांचं भांडं आणि लाटलेली लादी. वळ्या बोटाएवढ्या, एकावर एक. आतली बाजू तरी बोटाने खाली ओढून पूर्ण मिटवायलाच हवी, बाहेरून वळ्या दिसू द्या. लादीचं पहिलं काम म्हणून मी एक पट्टी करवते आणि त्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढायला सांगते. वाळल्यावर मोजायची, भाजल्यावर मोजायची. रेघ आधी साडेनऊच्या आसपास येते, मग आणखी थोडी कमी होते. माती आकसते हे शंभरदा सांगण्यापेक्षा मुलाने स्वतःच्या फूटपट्टीने बघितलं की पटतं.

दुसरा आठवडा: मगर, वड आणि काळा घोडा

शिल्प म्हटलं की मुलं घोडा करायला घेतात. चार काटकुळे पाय, वर जड पोट. पाच मिनिटांत घोडा गुडघे टेकतो. म्हणून आमच्याकडे पहिलं शिल्प मगरीचं. विश्वामित्री नदीत शहराच्या मधोमध मगरी राहतात, पुलावरून जाताना प्रत्येक मुलाने कधी ना कधी मान लांब करून बघितलेलं असतं. मगर बसकी, रुंद, पाय आखूड, शेपूट जमिनीला टेकलेली. काही पडायचं नाही. अंगावरचे खवले कंगव्याच्या कोपऱ्याने किंवा पेनच्या टोपणाने उठवता येतात.

इथेच पोकळ करणं शिकवा. जाडी दीड सेंटिमीटरच्या वर कुठेही राहता कामा नये. मगर घडून निमवाळ झाली की तारेने तिचे आडवे दोन भाग करा, पोट चमच्याने कोरून काढा, खरवड-रबडी करून पुन्हा जोडा आणि पोटाखाली सुईने भोक ठेवा. किंवा सुरुवातीलाच वर्तमानपत्राच्या घट्ट बोळ्यावर माती चढवा. कागद भट्टीत जळून जातो. भाजायच्या वस्तूत तारेचा सांगाडा घालू नका. माती आकसते, तार आकसत नाही, आणि माती तिच्याभोवती फाटते.

भट्टीत वस्तू फुटली की सगळे म्हणतात, आत हवा राहिली होती. खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. जाड भागाच्या आत ओल उरते, शंभर अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि वाट न मिळाल्याने ती वस्तू फोडते. पूर्ण सुकलेला हवेचा बुडबुडा सहसा काही करत नाही.

उठावशिल्पासाठी 15 सेंटिमीटर लांबी-रुंदीची लादी आणि विषय वड. या शहराचं नावच वडावरून आलंय. पण चित्रातला वड नको. मुलांना कमाटीबागेत नेऊन एखाद्या वडाखाली पंधरा मिनिटं नुसतं बसवा. पारंब्या कुठून सुटतात, खोडाला कशा चिकटतात, त्यांच्यात सावली कुठे पडते, हे हाताने चाचपू द्या. परत येऊन केलेल्या लाद्यांत ढगासारखं गोल झाड एकाही मुलाने काढलं नव्हतं.

त्याच सकाळी कमाटीबागेतलं संग्रहालयही बघून घ्या. 1894 चं हे संग्रहालय, आणि तिथल्या, शहरातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन धातुमूर्ती मुलांना दाखवाव्यात अशाच. पोकळ धातुमूर्ती ओततात तेव्हा मातीच्या गाभ्यावर मेण, मेणावर पुन्हा माती असा थर असतो. मेण वितळून गेलं की त्या जागी धातू येतो. आपण मगर पोकळ का केली याचा धागा तिथे जुळतो. मोठ्या मुलांना देवनीमोरीची गोष्ट सांगा. शामळाजीजवळच्या या बौद्ध स्तूपाचं उत्खनन 1960 च्या दशकात इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाने केलं, आणि त्यात भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती निघाल्या. ती जागा आता मेश्वो नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. मातीच्या मूर्ती दीड हजारांहून जास्त वर्षं टिकल्या, कारण त्या नीट वाळल्या आणि नीट भाजल्या.

मराठी मुलांना आणखी एक सांगते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी 1890 मध्ये बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले होते आणि तिथे त्यांनी चित्रकलेबरोबर मूर्तिकामही शिकून घेतलं. आणि ज्योत्स्ना भट्ट. 1950 मध्ये सुरू झालेल्या इथल्या ललितकला विद्याशाखेत त्या आधी शिल्पकला शिकल्या, मग मातीकडे वळल्या आणि तिथेच अनेक वर्षं शिकवलं. 2020 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या मांजरींची आणि घुबडांची छायाचित्रं मी वर्गात भिंतीवर लावते. किती कमी रेषांत मांजर होते ते बघा, एवढंच म्हणते.

घोडा करायचा हट्ट सुटत नाहीच. मग कमाटीबागेच्या फाटकासमोरच्या ‘काळा घोडा’ या धातूच्या पुतळ्यापाशी मुलांना उभं करा आणि विचारा, याचा भार कुठल्या पायांवर आहे? धातूला जे जमतं ते ओल्या मातीला जमत नाही. मातीचा घोडा पोशिन्याच्या आदिवासींच्या घोड्यांसारखा करावा. साबरकांठ्यात देवाला वाहतात ते घोडे. पाय म्हणजे नळ्या, पोट म्हणजे मडकं, मान म्हणजे आणखी एक नळी. सगळं पोकळ, सगळं उभं राहणारं.

चाक

चाकावर अकरा वर्षांपुढची मुलं घ्या, एका वेळी एक, पंधरा मिनिटांची पाळी. बाकीची आपलं शिल्प करत बसतात. विजेचं एक चाक भाड्याने मिळालं तर उत्तम, नाहीतर प्रजापती काकांच्या अंगणात त्यांच्या चाकड्यावर एक सकाळ.

अर्धा किलोपेक्षा मोठा गोळा देऊ नका. गोळा चाकाच्या मध्यावर आपटून बसवायचा, दोन्ही कोपर मांडीला टेकवायचे. डावा तळहात बाजूने, उजवा वरून. मुलं हाताने झुंजतात. कोपर मोकळा असेल तर माती हाताला हलवते, कोपर टेकलेला असेल तर हात मातीला थांबवतो. गोळा मध्यावर आला की थरथर एकदम थांबते आणि हाताखाली तो नुसता सरकतोय असं वाटतं. तो क्षण मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो. पहिल्या पाळीत एवढंच झालं तरी पुरे. भांडं उभं करायची सक्ती नको.

ज्यांचं जमतं त्यांना गरबो करायला द्या. नवरात्रात दिवा ठेवायचं हे भोकाचं मडकं बडोद्यात प्रत्येकाने बघितलेलं असतं. भोकं पाडायची योग्य वेळ एकच, मडकं निमवाळ झाल्यावर. ओल्यात पाडली तर कड लोंबते, सुक्यात पाडली तर टवका जातो. नखाने दाबल्यावर खूण उमटते पण माती नखाला चिकटत नाही, ती वेळ. चाळीसच्या उन्हात ही वेळ जेमतेम दोन तास टिकते, म्हणून मडकं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं तरच दुसऱ्या दिवशी काम होतं.

रंगाला गेरू वापरा. मातीच्या रबडीत कालवून निमवाळ वस्तूवर लावायचा आणि चमच्याच्या पाठीने घोटायचं. वस्तू भाजून आल्यावर मऊ चकाकी राहते. चकचकीत ग्लेझ पहिल्या वर्गात टाळा. त्याला पुन्हा भाजावं लागतं, आणि खाण्याच्या भांड्याला शिसं असलेली झिलई चुकूनही लागता कामा नये.

वाळवणं

वस्तू घडली की ती फळीवर, फळी घरातल्या सर्वांत अंधाऱ्या, वारा नसलेल्या खोलीत. आमच्याकडे जिन्याखालची जागा. पहिले दोन दिवस वरून सैलसर प्लास्टिक, कडेला, कानाला, शेपटीला ओल्या फडक्याची पट्टी. पातळ भाग आधी वाळतो आणि आकसतो, जाड भाग अजून ओला असतो, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून जे पातळ ते झाकायचं, जे जाड ते उघडं ठेवायचं. तिसऱ्या दिवशी वस्तू उलटी करा, नाहीतर तळ ओलाच राहतो आणि तळाला वळणदार भेग पडते. फळी आणि वस्तू यांच्यामध्ये वर्तमानपत्र घाला, म्हणजे आकसताना वस्तू सरकू शकते.

दिवस मोजण्यापेक्षा गालावर भरवसा ठेवा. वस्तू सुकली असं वाटलं की तिचा तळ गालाला लावा. थंड लागला तर आत पाणी आहे. मुलं रोज आल्या आल्या आपापली वस्तू गालाला लावायची, मी सांगायची गरज उरली नव्हती. जूनमध्ये हवेत दमटपणा येऊ लागतो तेव्हा हा वेळ वाढतो, तेवढी सोय तारखांत ठेवा.

पूर्ण सुकल्यावर, भट्टीच्या आदल्या दिवशी, तासभर सकाळचं कोवळं ऊन दाखवा. उन्हाचं काम तेवढंच.

भाजणी

निंभाड्यात लाकूड, भुसा आणि शेणी असतात, आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते कुंभारालाच कळतं. मुलांची कामं त्याच्या मालात मिसळून भाजून द्यायला सांगा, मोबदला आधी ठरवा, आणि पोकळ काय नि जाड काय हे प्रत्येक वस्तू हातात देऊन दाखवा. त्याने एखादी नाकारली तर वाद घालू नका. ती फुटली तर शेजारच्या दहा घेऊन जाते.

विजेची भट्टी मिळत असेल तर पहिले तीन-चार तास झडप उघडी ठेवून 120 अंशांपर्यंत अगदी हळू. मग तासाला शंभरच्या आत, सहाशे ओलांडेपर्यंत. 450 ते 600 च्या दरम्यान मातीच्या रचनेतलं पाणीही निघून जातं, आणि 573 अंशांना वाळूतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांचा आकार अचानक बदलतो, म्हणून तिथे चढतानाही आणि उतरतानाही घाई नको. लाल मातीला 950 ते 1000 अंश पुरतात. बंद केल्यावर रात्रभर उघडायची नाही. हात लावता येईल इतकी निवल्यावरच झाकण काढा. गरम वस्तूला वारा लागला की टण्‌कन तडा जातो, आणि तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

भाजून आलेली प्रत्येक वस्तू बोटाच्या पेराने वाजवा. खणखणली तर पक्की, भद्द वाजली तर कुठेतरी भेग आहे. त्यात पाणी ठेवू नका, पेन ठेवा.

न भाजायचा गणपती

शेवटच्या शुक्रवारी शाडू. पेणच्या कारखान्यांत लागणारी शाडूही गुजरातेतूनच जाते, इथे ती सहज मिळते. सहा ते आठ इंचांची बैठी मूर्ती, हात अंगाला चिकटलेले, सोंड पोटावर टेकलेली, कान मागे मुकुटाला जोडलेले. सुटं, लोंबतं काही नको, म्हणजे पावसाळ्याची दमट हवा ती सोसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे 2020 च्या सुधारित सूचनांतही मूर्ती नैसर्गिक मातीच्या असाव्यात असंच म्हटलं आहे. ही मूर्ती भाजायची नाही. घरी कोरड्या कोपऱ्यात ठेवून चतुर्थीपर्यंत वाळू द्या, मग हळद, गेरू, कुंकू एवढेच रंग. विसर्जन बादलीत. मूर्ती काही तासांत विरघळते. ती माती गाळून पुढच्या वर्षीच्या पिंपात घालायची, की कुंडीत, हे घरच्यांनी ठरवावं.

उरतात ती फुटलेली. दर वर्षी काही फुटतातच, आणि ज्या मुलाची फुटते त्याच्याशी त्याच दिवशी, शेजारी बसून बोला. तडा कुठून सुरू झाला ते त्यालाच शोधू द्या. भाजून फुटलेले तुकडे टाकू नका. जाड गोणपाटात बांधून, तुकडे ओले करून, हातोडीने बारीक कुटा, पिठाच्या चाळणीने चाळा. हाच पुढच्या वर्षीच्या मातीत घालायचा चुरा. त्या पेल्याच्या मुलीने दुसऱ्या वर्षी स्वतः कुटून डबा भरला, वर चिठ्ठी लावली, आणि पहिल्या दिवशी माती तिंबताना तो डबा तिनेच मिसळला.